लाव्हाच्या दोन थरांमधले मासे

हुबळी-धारवाडच्या परिसरात कितीही खोल विहीर खणली, कितीही मोठी दगडाची खाण उघडली, तरी माशाचा जीवाश्म हाती लागणार नाही. इथला मूळ खडक तयार झाला तेव्हा पृथ्वीवर मासेच नव्हते. मासे तर सोडाच, डोळ्यांना दिसेल असा कोणताही प्राणी नव्हता.

धारवाडच्या टेकड्यांचा खडक अडीच ते तीन अब्ज वर्षांपूर्वीचा आहे. आदिम समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ, त्यात मिसळलेला लाव्हा आणि लोहयुक्त पट्ट्यांचे थर पुढे उष्णतेने आणि दाबाने भाजून, मुडपून, पत्र्यासारखे सुटणारे शिस्ट आणि फिलाइट झाले. गदगजवळच्या कप्पत डोंगरातलं सोनं याच खडकांतलं. रॉबर्ट ब्रूस फूट हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा अधिकारी या भागात वर्षानुवर्षं हिंडला. बेळगाव, धारवाड, कलादगी या मुलखाला त्या काळी इंग्रज ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणत, आणि त्याच नावाने फूटचा या भागाच्या भूरचनेवरचा मोठा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८०च्या दशकात त्याने या जुनाट खडकांच्या गटाला धारवाडचं नाव दिलं. आज जगभरातले भूवैज्ञानिक दक्षिण भारताच्या प्राचीन गाभ्याला ‘धारवार क्रॅटॉन’ म्हणतात, ते त्यामुळेच.

जगातले सर्वात जुने मासेसदृश प्राणी चीनमधल्या सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडले आहेत. म्हणजे धारवाडचा खडक घट्ट झाल्यावर पहिला मासा पोहायला लागेपर्यंत आणखी दोन अब्ज वर्षं जायची होती. बागलकोटकडच्या कलादगी खडकांतले चुनखडीचे थर धारवाडच्या मानाने तरुण, पण त्यांतही मासा नाही. तिथे स्ट्रोमॅटोलाइट आहेत, सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर चढून झालेल्या घुमटाकार रचना. त्या काळचं जीवन एवढंच होतं.

धारवाडहून उत्तरेला निघालं की बेळगावच्या आसपास दृश्य बदलतं. काळा बेसाल्ट दिसू लागतो. दख्खनच्या लाव्हाची दक्षिणेकडची कड इथे आहे. बेळगावजवळच्या देसूर गावाचं नाव भूविज्ञानात सह्याद्रीतल्या लाव्हाच्या सर्वात वरच्या, म्हणजे सर्वात शेवटी वाहिलेल्या थरांच्या गटाला दिलेलं आहे. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो पसरला आहे तो थेट धारवाडी आणि कलादगी खडकांवर. एखाद्या जुन्या पोथीची मधली सगळी पानं गहाळ व्हावीत आणि पहिल्या काही पानांनंतर एकदम शेवटचा अध्याय यावा, तसा हा प्रकार आहे. माशांच्या इतिहासाचा जवळजवळ सगळा मोठा भाग या हरवलेल्या पानांत येतो: जबडे कधी आले, खवले कसे बदलले, पाण्यातून जमिनीवर पाऊल कुणी टाकलं. धारवाडच्या अभ्यासकाला हे काही घराजवळ पाहता येत नाही.

फूटला या भागात एक पृष्ठवंशीय जीवाश्म मिळाला होता, तोही बऱ्यापैकी मोठा. गोकाकजवळ चिक्कदौली इथल्या नदीच्या गाळात त्याला गेंड्याची हाडं सापडली आणि १८७४ साली त्याने त्याला ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’ असं नाव दिलं. पण भूकाळाच्या मोजपट्टीवर तो गेंडा कालपरवाचा. लाव्हाच्या काळातल्या माशांची गोष्ट सुरू होते ती विदर्भात.

आनंदवनामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या वरोऱ्याच्या उत्तरेला, चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगाव आणि पिसदुरा ही दोन गावं आहेत. जीवाश्मांच्या अभ्यासात ही नावं दीडशे वर्षांहून अधिक काळ गाजत आहेत. पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळाली आणि शेतातल्या मातीत डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठाही ढिगाने मिळाली. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आहेत, हे २००५ साली दाखवून दिलं गेलं आणि गवताचा उगम शास्त्रज्ञांच्या समजापेक्षा बराच मागे गेला. डोंगरगावच्या टेकडीतून भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा काढला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि आता तो ‘इसिसॉरस’ या नावाने ओळखला जातो.

इतक्या भव्य शेजारात लहान माशांकडे लक्ष जाणं अवघड. पण ज्यांनी या परिसराचा इतिहास खरोखर सांगितला, त्यांत डोंगरगावच्या माशांचा वाटा डायनोसॉरहून कमी नाही.

१९०८ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी डोंगरगावच्या माशांवर निबंध लिहिला. जीवाश्म माशांच्या अभ्यासात त्या काळी त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. म्युझियममधल्या जीवाश्म माशांची चार खंडांची सूची त्यांनीच केली होती. डोंगरगावच्या दगडांतून त्यांनी तीन निरनिराळे मासे ओळखले. त्यांतला एक अगदी नवा, तोवर विज्ञानाला अपरिचित. त्याच्यासाठी त्यांनी नवी प्रजाती स्थापली: इओसेरॅनस. जातीचं नाव हिस्लोपी.

हे नाव स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून आलं. नागपूरला हिस्लॉप कॉलेज आहे, त्यामुळे नाव सर्वांच्या तोंडी असतं. त्यामागचा माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो. १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हिस्लॉप मिशनरी म्हणून १८४५च्या सुमारास नागपुरात आले. शाळा चालवली, गोंडांच्या भाषा आणि कथा टिपल्या, आणि सवड मिळेल तेव्हा हातोडी घेऊन दगड फोडत हिंडले. १८५१ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये गाळाचा पातळ खडक दिसला. तो जीवाश्मांनी भरलेला होता: फळं, बिया, पानं, गोगलगायी, कीटकांचे पंख. दोघांनी त्याचं सविस्तर वर्णन लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या शिलावर्तुळांचं उत्खनन पाहून हिस्लॉप घोड्यावरून एकटे परतत होते. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. त्यात ते बुडाले. वय अवघं ४५. माशाला त्यांचं नाव मिळालं ते त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी.

लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळ येतो कुठून, हे कळलं की माशांचं कोडं अर्धं सुटतं. दख्खनचा लाव्हा एका दमात ओतला गेला नाही. एक प्रवाह येई, थिजे, आणि मग पुढच्या प्रवाहापर्यंत शेकडो, कधी हजारो वर्षं जात. तेवढ्या काळात वरचा दगड झिजून माती होई, तिच्यात झाडं उगवत, लाव्हाने अडवलेल्या ओढ्यांची तळी होत. तळ्यांत शेवाळ, गोगलगायी, बेडूक, कासवं आणि मासे येत. तळाशी बारीक चिखल साचे. मग पुन्हा जमीन फाटून लाव्हा येई आणि ते तळं झाकून टाकी. तप्त लाव्हाने बुजल्यावर नाजूक हाडं जळून जातील असं वाटतं. पण ओला चिखल वरच्या थरापुरताच भाजतो, खालचा तसाच राहतो. आणि लाव्हातून पाझरणारी सिलिका पुढे त्या चिखलाला गारगोटीसारखं कठीण करते. अशा दगडात माशाचा बारीकसा काटाही टिकतो. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. दख्खनच्या जीवाश्मांच्या अभ्यासातला हा अगदी सुरुवातीचा शोध.

डोंगरगावचे थर यांहून थोडे वेगळे. तिथला बराचसा गाळ लाव्हाच्या खालचा, म्हणजे लाव्हा या भागात पोचण्याआधीचा किंवा तो पोचत असतानाचा आहे. जबलपूरजवळच्या लॅमेटा घाटावरून या थरांना लॅमेटा म्हणतात. नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर या थरांचा बारकाईने अभ्यास केला. डोंगरगावला त्यांना पापुद्र्यांसारखे पातळ चिकणमातीचे थर दिसले. असे थर संथ पाण्याच्या तळ्यातच साचतात. म्हणजे इओसेरॅनस नदीच्या खळाळत्या पाण्यातला किंवा समुद्रातला मासा नव्हता. तो तळ्यात राहणारा, लहान चणीचा मासा होता.

वुडवर्ड यांनी त्याला सेरॅनस या आजच्या समुद्री माशाच्या जवळचा मानलं, म्हणजे कोकणात ज्याला हेकरू म्हणतात त्या माशांच्या विस्तृत गोतावळ्यातला. आज हे नातं इतकं नेमकं कुणी सांगत नाही. पण तो ‘पर्कोमॉर्फ’ या मोठ्या गटातला, एवढं पक्कं आहे. या गटातल्या बहुतेक माशांच्या पाठीवरच्या पराच्या पुढच्या भागात टणक, टोकदार काटे असतात. पोटाखालचे पर पुढे, छातीच्या खाली सरकलेले असतात. खवल्यांच्या कडेला बारीक दात असतात. मासे साफ करताना ज्याच्या बोटाला काटा लागला आहे त्याला हा गट वेगळा सांगायला नको. सुरमई, बांगडा, पापलेट, जिताडा, हेकरू, तलावात वाढवली जाणारी चिलापी, हे सगळे याच गटातले. आज पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ चौथा भाग या एका गटात मोडतो.

असा बलाढ्य गट सुरू कुठून झाला? डायनोसॉरच्या युगाचा शेवटचा टप्पा म्हणजे क्रिटेशस काळ, त्या काळातले त्याचे पूर्ण सांगाडे जगात मोजकेच आहेत. इटलीतल्या नार्दोचे समुद्री मासे त्यांतले प्रसिद्ध. गोड्या पाण्यातले तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्या मोजक्यांत आपल्या विदर्भातला हा छोटा मासा येतो. २००४ मध्ये ग्लोरिया अराटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या या जुन्या माशांची नव्याने तपासणी केली, तेव्हा त्यांनी गुजरातमधल्या बामणबोर इथल्या थरांतून आणखी एक लहान मासा वेगळा काढला आणि त्याला ‘इंडियाइक्थिस’ असं नाव दिलं. बामणबोर ज्यात येतं त्या सौराष्ट्रातल्या सुरेंद्रनगर जिल्ह्याच्या माशांवर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले विद्याधर बोरकर यांनी १९७३ सालीच निबंध लिहिला होता. आज पुण्याची ही संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, आणि दख्खनच्या जीवाश्मांच्या बाबतीत तिने केलेलं काम मराठी वाचकांपर्यंत जितकं पोचायला हवं तितकं पोचलेलं नाही.

डोंगरगावच्या तळ्यातले इओसेरॅनसचे शेजारीही विलक्षण होते. वुडवर्ड यांनी ओळखलेला दुसरा मासा पिक्नोडस. उभट, चपट्या अंगाचा. जबड्यात वाटाण्यासारख्या गोल दातांच्या रांगा, शिंपले फोडून खाण्यासाठी. त्याचे भाऊबंद जगभर समुद्रात, प्रवाळांच्या आसपास राहत. डोंगरगावचा मात्र गोड्या पाण्यात मिळतो, आणि त्याच थरांत फायसा या गोगलगायीचे शंख विपुल आहेत, त्यामुळे त्याला खायला काय होतं हा प्रश्न पडत नाही. हे कुळ पुढे पूर्ण नष्ट झालं. तिसरा मासा लेपिसॉस्टियस, लांब चोचीसारख्या जबड्याचा. त्याचे खवले शंकरपाळ्याच्या आकाराचे, वरून दाताच्या मुलाम्यासारख्या चकचकीत थराने मढवलेले. म्हणून बाकी शरीर कुजलं तरी ते शाबूत राहतात. या कुळाचे आजचे वंशज फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत आणि क्युबात आहेत.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला जोडलेला नव्हता. मादागास्करपासून तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि एकटाच समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. आशियाला टेकायला आणखी एक कोटीहून अधिक वर्षं होती. गोड्या पाण्यातला मासा खारा समुद्र ओलांडत नाही. मग हे मासे या बेटावर कसे? भारत आणि मादागास्कर ज्याचे भाग होते त्या जुन्या अखंड गोंडवन महाखंडातूनच काही आले असावेत. मादागास्करच्या त्याच काळातल्या खडकांतही लेपिसॉस्टियसच्या कुळाचे खवले मिळतात. काही बहुधा किनाऱ्याच्या मचूळ पाण्यातून आत शिरले आणि हळूहळू गोड्या पाण्याला सरावले. दख्खनच्या लाव्हामधल्या थरांत समुद्री पाकटाच्या ‘इग्डाबॅटिस’ या प्रजातीचे दात मिळतात, आणि छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला तर २००९ मध्ये समुद्री सूक्ष्मजीवांचे कवच मिळाल्याचं जाहीर झालं. समुद्राचा हात देशाच्या पोटात इतका आत आला होता. लहान माशांची ही यादी त्यामुळे त्या काळच्या भूगोलाचा नकाशा ठरते. तिने नकाशात जी भर घातली, ती एकट्या डायनोसॉरच्या हाडांनी घालता आली नसती.

काळ ठरवण्यातही माशांचा उपयोग झाला. हिस्लॉपना दख्खनचा लाव्हा बराच अलीकडचा, क्रिटेशसनंतरच्या तृतीयक काळातला वाटला होता. बिरबल सहानींसारखे वनस्पतितज्ज्ञही पाम वृक्षांच्या जीवाश्मांवरून तसंच म्हणत. डोंगरगावच्या माशांवरून मात्र या दोन काळांच्या सीमेच्या आसपासचा काळ सूचित झाला. किरणोत्सर्गी पद्धतीने वय काढणं सुरू झालं तेव्हा लाव्हाचा मुख्य भाग ६.६ कोटी वर्षांच्या आगेमागे, दहा लाख वर्षांच्या आत वाहिला असं दिसलं. डायनोसॉर नाहीसे झाले तो हाच काळ.

पूर्ण सांगाडे दुर्मीळ. दख्खनच्या माशांची बहुतेक माहिती सुटे खवले, दात आणि कानातले खडे यांतून आली आहे. माशाच्या कानाच्या पोकळीत चुन्याचे बारीक खडे असतात. त्यांचा आकार जातीनुसार ठरलेला असतो, आणि हाडं विरघळून गेली तरी ते उरू शकतात. कोलकात्याच्या सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये मध्य प्रांतातल्या देवठाण आणि खेरी इथल्या नुसत्या खवल्यांवर निबंध लिहिला. खवल्याच्या कडेवरून, रेषांवरून कुळ ओळखायचं, हे ज्याने जिवंत मासे आयुष्यभर हाताळले त्यालाच जमतं. होरा पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक झाले. कानातल्या खड्यांचं काम आर. एस. राणा यांनी केलं. २००८ मध्ये डर्क नॉल्फ, राणा आणि जी. व्ही. आर. प्रसाद यांनी हे सगळे खडे पुन्हा तपासले आणि आधी दिलेली बरीच नावं बदलली.

हे बारीक अवशेष मिळवण्याची रीत कष्टाची आहे. गाळाचा दगड फोडून पोत्यांत भरून आणायचा, वाळवायचा, केरोसीनमध्ये भिजवायचा, मग पाण्यात घालायचा म्हणजे तो फुटून चिखल होतो. हा चिखल बारीक जाळीच्या चाळण्यांतून वाहत्या पाण्याखाली धुवायचा. उरलेली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली पसरून बारीक कुंचल्याने दाणा दाणा बाजूला करायचा. शेकडो किलो दगडातून काही मूठभर कण कामाचे निघतात. तेलंगणात विकाराबादजवळ नसकलला याच पद्धतीने एक-दोन मिलिमीटरचे दात मिळाले. भारतातल्या क्रिटेशस सस्तन प्राण्याचा तो पहिला पुरावा. प्रसाद आणि अशोक सहानी यांनी १९८८ मध्ये त्याला ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी’ असं नाव दिलं. पुन्हा हिस्लॉपच.

लाव्हामधल्या गाळाचे असे थर कर्नाटकातही आहेत, यादगीर जिल्ह्यातल्या गुरमटकलजवळ आणि धारवाडच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्यासाठी फार दूर जावं लागणार नाही.

याहून जुने मासेही मराठी मुलखात आहेत. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ, प्राणहितेच्या काठी कोटा गावाच्या चुनखडीत जुरासिक काळातले पूर्ण मासे चकचकीत खवल्यांसह मिळतात. त्यांतला ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ १८५१ मध्ये लंडनला पोचला तो कर्नल विल्यम सायक्स यांच्यामार्फत; वर्णन फिलिप एगर्टन यांनी केलं. हे सायक्स म्हणजे दख्खनच्या जिवंत माशांची पहिली शास्त्रीय यादी करणारे. त्यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतले आणि भीमेतले मासे १८३९च्या सुमारास नोंदवले. जातींना नावं दिली ती कोळ्यांच्या तोंडची: खुद्री, कोळस, नुक्ता, शिंगटी. ती आजही शास्त्रीय नावांत आहेत.

सायक्स यांच्या यादीतले बहुतेक मासे कार्प आणि शिंगाळ्यांच्या जातीचे. रोहू, कटला, महसीर या कार्पांनी आज मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा, गोदावरी व्यापल्या आहेत. डोंगरगावच्या तळ्यातून मात्र एकही कार्प मिळालेला नाही. कार्प कुळ आशियात वाढलं आणि भारत आशियाला भिडल्यानंतर इकडे आलं. त्याआधी या जमिनीवरच्या तळ्यांत इओसेरॅनससारख्या काटेरी पराच्या लहान माशांचा वावर होता. बोरकर यांनी अभ्यासलेल्या सौराष्ट्राच्या जीवाश्मांना ‘पॅलिओप्रिस्टोलेपिस’ म्हणतात, कारण ते प्रिस्टोलेपिस या आजच्या लहान माशासारखे दिसतात. प्रिस्टोलेपिस अजून आहे, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, केरळात आणि कर्नाटकात पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांमध्ये.